बाहेरून पाहिलेलं एडिंबरा

दत्ताराम पड्याळ यांनी बहारीनमधली एकूण एक प्रेक्षणीय जागा पाहिली आहे. बाहेरून.

पोर्तुगीज किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, मोठी मशीद आणि वाळवंटाच्या मधोमध उभं असलेलं ते प्रसिद्ध एकटं झाड. झाडाला कुठे आलंय आत आणि बाहेर, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. पण पड्याळदादा झाडापासून शंभर पावलांवर, जिथे गाड्या लावतात तिथे थांबतात आणि पुढे एक पाऊल टाकत नाहीत. "तुमी जाऊन या सावकाश. मी हाय इथं."

दादा मनामातल्या एका व्यापारी कंपनीत ड्रायव्हर आहेत. साधे नव्हेत, पाहुण्यांचे ड्रायव्हर. बाहेरदेशचे पाहुणे आले की त्यांना विमानतळावरून उचलायचं, जुफैरच्या हॉटेलात सोडायचं आणि मीटिंगा उरकल्या की बहारीन दाखवायचं. दाखवायचं म्हणजे दारापर्यंत न्यायचं. पाहुणा आत, दादा बाहेर. पाहुणा बाहेर आला की गाडी त्याच्या पावलापाशी हवी, दार उघडं हवं, आतली हवा गार हवी. एकोणतीस वर्षं माणूस हेच करत राहिला की त्याच्या अंगात दार या वस्तूबद्दल एक शिस्त येते. दार आलं की दादा थांबतात.

त्यामुळे त्यांच्याकडून कुठल्याही जागेची माहिती काढावी तर ती अशी मिळते.

"दादा, किल्ला कसा आहे हो?"

"एक नंबर. सावलीत सहा गाड्या लागतात."

"आणि संग्रहालय?"

"चांगलं हाय. पण पाण्याच्या बाजूला लावायची नाय. काचेवर मीठ बसतं."

जनाबियात कुणा शेठने बांधलेल्या आलिशान बंगल्याचं मी एकदा तोंडभरून कौतुक केलं. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन शब्दांत निकाल दिला. "मफी पार्किंग." मफी म्हणजे नाही. आमच्या गल्फच्या धेडगुजरी बोलीतला हा सगळ्यात उपयोगी शब्द. दादांनी त्याच्या जोरावर जगातली बरीच थोर बांधकामं रद्द केली आहेत.

हूऱ्यातल्या आमच्या इमारतीत आमचं आणि पड्याळांचं दार समोरासमोर. माझ्याकडे गणपती बसतो तेव्हा मूर्ती आणायला दादांचीच गाडी. पण आरतीला दादा खाली. "अहो दादा, वर या की." "येतो येतो. तो गुजराती शेठ येतोय ना, त्याच्यासाठी जागा धरून ठेवलीय." त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या लग्नात, देवरुखला, फोटोग्राफरने नवऱ्या मुलाच्या वडिलांना दोनदा मांडवाबाहेरून धरून आणलं म्हणे. दोन्ही वेळा ते वऱ्हाडाच्या टेम्पोला मागे घेताना हात दाखवत होते.

ही टेम्पोची गोष्ट मला सुनंदावहिनींनी सांगितली. सुनंदावहिनी म्हणजे दादांची बायको. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यातली सव्वीस त्या गावी होत्या आणि दादा बहारीनला. वर्षातून एक महिना रजा, तेवढाच काय तो संसार. धाकट्या मुलीचं लग्न झालं तेव्हा दादांनी त्यांना इकडे आणलं, त्याला आता पाच वर्षं झाली. वहिनी आल्या त्या सगळं बघायचं असा निश्चय करूनच आल्या. दादांनीही हौसेने सगळं दाखवलं, म्हणजे सगळ्या दारांपर्यंत नेलं. वहिनींनी किल्ला एकटीने पाहिला, संग्रहालय एकटीने पाहिलं. झाडाभोवती एकटीने फेरी मारून आल्या.

वहिनींच्या स्वयंपाकघरात गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या कुठल्याशा दुकानाचं कॅलेंडर आहे. ते तीन वर्षं ऑगस्टवरच थांबलंय. ऑगस्टच्या पानावर एडिंबऱ्याचा किल्ला आहे: काळा खडक, त्यावर किल्ला, वर ढग. वहिनींनी ऑगस्ट उलटायला नकार दिला. "सप्टेंबरला टायर हाय," त्या म्हणाल्या.

तर आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मुलाने पुण्याहून विमानाची तिकिटं पाठवायचं ठरवलं आणि कुठे जायचं विचारलं, तेव्हा वहिनींनी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. दादा म्हणाले, तिकडे इंग्लिश बोलतात, आपल्याला कोण सांभाळणार. आणि इथे, वाचकहो, मी माझ्या पायाने चालत गोष्टीत शिरलो. मी म्हणालो, "आम्ही येतो की."

मी एका बांधकाम कंपनीत कागद सांभाळतो. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, फायलीला लावायचा. दिवसभर इंग्रजी कागदांत बसतो म्हणून सगळा मजला मला इंग्रजीतला पंडित मानतो. सगळ्यात जास्त मीच मानतो. माझी बायको मेघना तेवढी मानत नाही, पण स्कॉटलंड म्हटल्यावर तिने तोंड मिटलं आणि स्वेटर काढले. व्हिसाचे फॉर्म मी भरले, राहायची जागा मी शोधली, किल्ल्याची चार तिकिटं मी काढली. सोमवार, दुपारी एकची वेळ. मंगळवारी सकाळी परतीचं विमान. म्हणजे सगळ्यात मोठी जागा सगळ्यात शेवटी. नियोजन कसं असावं याचा नमुना म्हणून मी ते ऑफिसात दोघातिघांना दाखवलंही.

निघण्याच्या आधी वहिनींनी आमच्या देखत दादांना समोर बसवलं.

"बाकी कुठंपण बाहेर थांबा. किल्ल्यात तेवढं आत यायचं. माज्यासोबत."

"इंशाल्ला," दादा म्हणाले.

गल्फमध्ये राहिलेल्याला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. लिफ्ट कधी दुरुस्त होईल? इंशाल्ला. म्हणजे जिने चढायची सवय करा. वहिनीही आता पाच वर्षांत तयार झाल्या होत्या.

"इंशाल्ला नको. होय म्हणा."

"बरं, होय."

"देवाशपथ म्हणा."

"आता देव कशाला मधी? होय म्हटलं ना गो."

एडिंबऱ्याला उतरलो आणि पहिल्या तासाभरात माझं इंग्रजी गेलं. कुठे गेलं ते अजून सापडलेलं नाही. तिथले लोक बोलतात ते इंग्रजीच असावं, कारण मधूनमधून एखादा ओळखीचा शब्द जातो, पण तो गर्दीत पाहिलेल्या नातेवाइकासारखा. हाक मारेपर्यंत पुढे निघून गेलेला. घराची किल्ली देणाऱ्या बाईंनी दहा मिनिटं काहीतरी समजावलं. मी प्रत्येक वाक्याला "येस, येस" म्हणत गेलो. नंतर कळलं, गरम पाण्यासाठी एक बटण दाबायचं असतं, ते त्या सांगत होत्या. तीन दिवस आम्ही गार पाण्याने आंघोळ केली. चौथ्या दिवशी बटण दादांना सापडलं.

कारण दादांचं तिथे काही अडत नव्हतं. शनिवारी आम्ही राजवाडा बघायला गेलो. दादा अर्थातच बाहेर. पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याजवळ गाडी नव्हती, आणि गाडीशिवाय थांबायचं कसं हे त्यांना उमजेना. थोडा वेळ ते नुसते उभे राहिले. मग रस्त्याकडेला काळ्या टॅक्सींची रांग दिसली, तिथे गेले आणि पहिल्या टॅक्सीला टेकून उभे राहिले. बरं वाटलं असावं. टॅक्सीचा मालक खाली उतरला. पन्नाशीचा, लाल चेहऱ्याचा, दांडगा गडी. मला हे आतल्या खिडकीतून दिसत होतं; आता भांडण होणार म्हणून मी राजवाडा सोडून धावत बाहेर आलो.

दादा म्हणाले, "पार्किंग?"

तो बरंच काही बोलला.

दादा म्हणाले, "पुलिस?"

त्याने आकाशाकडे दोन्ही हात केले. दोघांनी खिन्नपणे माना हलवल्या. मग दादांनी मला त्या शहराचं पार्किंगचं धोरण, दंडाची पद्धत आणि जुन्या गल्ल्यांत टॅक्सीवाल्यांचे होणारे हाल असं सगळं मराठीत समजावून सांगितलं. मीही त्या गृहस्थाला शिष्टाचाराने, ऑफिसच्या पत्रात लिहितो तशा पूर्ण वाक्यात, इथून चर्च किती दूर आहे याबद्दल आपण कृपया मार्गदर्शन कराल काय, असं विचारलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग दादांकडे वळून, मी काय म्हणतोय ते खुणेने विचारलं.

तेवढ्यात एका म्हाताऱ्या परदेशी जोडप्याने त्यांची बॅग दादांच्या हातात दिली. दादांनी ती निमूटपणे डिकीत ठेवली, बाईंसाठी दार उघडलं, डोक्याला लागू नये म्हणून दाराच्या वर हात धरला. टॅक्सी निघून गेली. दादांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा फुलला.

वहिनी राजवाड्यातून बाहेर आल्या आणि सांगू लागल्या, राणीचा पलंग केवढासा होता, भिंतींवर कापडं कशी होती. दादा म्हणाले, "हां, हां." वहिनी अर्ध्यावर थांबल्या. ज्याने पाहिलं नाही त्याला किती सांगणार. मेघनाने मला कोपर मारलं, जणू त्यात माझाच दोष होता.

रविवारी संग्रहालय. तिथे तर तिकीटही नव्हतं, नुसतं दार ढकलायचं. मेघना आणि वहिनी आत गेल्या. मी बाहेरच्या पायरीवर दादांशेजारी बसलो. थंडी अशी की बहारीनच्या मे महिन्याला मी मनातल्या मनात क्षमा केली.

"दादा, उद्या आत जाणार ना?"

दादा पायरीवर जरा सरकून बसले. मग म्हणाले, "भाऊ, एक विचारू? हसू नका. आत गेल्यावर काय करायचं आसतं?"

"काय करायचं म्हणजे? बघायचं."

"ते झालं. पण किती वेळ? एका वस्तूसमोर किती थांबायचं? मी बघितलाय लोकांना काचेतून. थांबतात, मान हलवतात, पुढं जातात. ते कोण शिकवतं?"

मीसुद्धा काचेच्या कपाटासमोर पुढचा माणूस हलेपर्यंतच उभा राहतो.

"मी आपला बाहेर येणारी माणसं बघतो," दादा म्हणाले. "तोंडावरनं कळतं आत काय आसंल ते. तुमाला खोटं वाटंल, पण मी बिना बघता सांगतो किल्ल्यात किती जिने हायत." मग हातमोजा काढून परत घातला. "आनि बाहेर आला माणूस की आधी काय शोधतो माहीताय? गाडी. एकोणतीस वर्षं. गाडी दिसली की तोंड फुलतं. मी गाडीला टेकूनच उभा आसतो, पण नजर गाडीवर. त्यांची तरी काय चूक, तेच बरोबर हाय."

तो दरवाजाकडे बघत होता. हो, तो. त्या वेळेपुरतं मला त्यांना अहो-जाहो करवेना.

"ही मात्र बाहेर आली की मला शोधते," दादा म्हणाले. "बघितलंत तुमी? आधी डावीकडं बघते, मग उजवीकडं. मग मी दिसतो. आत बरोबर गेलो तर कशाला शोधील?"

त्याच क्षणी दार उघडलं आणि वहिनी बाहेर आल्या. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. दादा पायरीवरून उठले.

सोमवार उजाडला. वहिनींनी पैठणी नेसली, त्यावर स्वेटर, त्यावर माझ्या मेघनाचा जाड कोट. पदराचा मोर कोटाखालून डोकावत होता. किल्ल्याच्या दाराशी एक लांबरुंद पटांगण आहे. ते पाहून दादा जागीच थांबले. "पन्नास बस लागतील. आनि एकपण नाय." किल्लेवाल्यांची त्यांना मनापासून कीव आली. मग त्यांनी मफलर सारखा केला आणि कोर्टात पेशीला निघाल्यासारखे आमच्यामागून चालू लागले. बायकोला दिलेला शब्द. चेहरा घामाघूम, त्या थंडीत.

दारावरच्या माणसाने माझ्या हातातल्या कागदावर यंत्र धरलं. लाल दिवा. पुन्हा धरलं. पुन्हा लाल. तो काहीतरी म्हणाला. मी "येस" म्हणालो. तो परत म्हणाला. मी परत "येस" म्हणालो.

"तारीख चुकली म्हणतोय," दादा मागून म्हणाले. त्यांनी नुसतं त्या माणसाचं बोट बघितलं होतं.

चुकलीच होती. झालं असं की, आमच्या गल्फमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो. ऑफिसच्या कॅलेंडरात पहिला रकाना रविवारचा, वहिनींच्या ऑगस्टातही रविवारचा. एकोणीस वर्षं मी दुसऱ्या रकान्यात सोमवार बघत आलो. किल्ल्याच्या वेबसाइटवर पहिला रकाना सोमवारचा होता. मी वर वाचलंच नाही, सवयीने दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि मंगळवारची चार तिकिटं काढली, जेव्हा आम्ही विमानात असणार होतो. पावती आली होती, तीवर मंगळवार ठळक अक्षरांत होता. मी तिला नंबर दिला आणि फायलीला लावली. वाचली नाही. वाचणं आमच्या खात्यात येत नाही.

मेघना काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मी बोलणं ऐकायला तळमळतो.

दादांच्या खांद्यावरून मात्र दगड उतरला होता. "खलास," ते म्हणाले. "नशिबात नसंल. बाहेरनं पण चांगला दिसतो." आणि मग त्यांनी वहिनींचं तोंड बघितलं.

मी तिकिटांच्या खिडकीशी गेलो. या वेळी मेघनाला बरोबर नेलं, बोलायला. खिडकीतल्या मुलीने संगणकात शोधशोध केली. पुढच्या वेळेचं एकच तिकीट होतं. नंतरचं सगळं भरलेलं, पण कुणी रद्द केलं तर मिळेल, मधूनमधून येऊन विचारा, असं ती म्हणाली. मी ते एक तिकीट घेऊन आलो, मेडल आणावं तसं.

"तू जा गो," दादा लगेच म्हणाले. "मी हाय इथं."

वहिनींनी तिकीट हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि दादांच्या कोटाच्या खिशात घातलं.

"तुमी जा."

"मी? मी जाऊन काय करू?"

"मी काय करते आत? तेच करा."

"अगो, तीन वर्षं तू भिंतीवर लावून ठेवलायस तो."

"म्हणूनच सांगते. मी पाठ केलाय. तुमी जा. आज मी थांबते बाहेर."

"तू कशाला थंडीत?"

"एवढी वर्षं थांबलेच की," वहिनी म्हणाल्या. सहज म्हणाल्या, भाजीत मीठ जरा कमी आहे म्हणतात तसं. आणि पटांगणाच्या कठड्यावर जाऊन पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडून त्या दिवशी कुणालाच मदत होण्यासारखी नव्हती. ते दारापर्यंत गेले. यंत्राने हिरवा दिवा दाखवला. दादा सवयीने बाजूला झाले, मागच्या बाईंना आत जायला वाट दिली. मग आणखी एकाला. मग त्या दारावरच्या माणसाने त्यांच्या पाठीवर हात ठेवून हलकेच आत सरकवलं.

"गेले," मेघना म्हणाली.

"पाच मिनिटांत येतील," मी म्हणालो.

वहिनींनी डबा उघडून आम्हाला पोळीचा लाडू दिला. त्या किल्ल्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या संसारात दोघांनी मिळून बघितलेलं काय हाय, सांगू? विमानतळ. मुंबईचा. तो पण बाहेरनं." आणि स्वतःच हसल्या. "गावी यायचे तेव्हा इथलं सांगायचे. मी म्हणायची हां, हां. मी गावचं सांगायची. अमक्याची विहीर, तमक्याचा मुलगा. ते म्हणायचे हां, हां. सव्वीस वर्षं हां हां. आता इथं आले तरी तेच. मी सांगते, ते हां हां म्हणतात."

मेघनाने त्यांचा हात धरला. मी लाडू संपवला, कारण मला दुसरं काही सुचेना.

पाच मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. मला काळजी वाटू लागली. आत कुठे टॅक्सीचा तळ नाही ना, असं मी मेघनाला विचारलं.

मग दादा आले. पन्नासेक माणसांच्या लोंढ्याबरोबर बाहेर पडले आणि दाराशी थबकले. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. आम्ही बसलो होतो ती जागा लोकांच्या आड गेली होती. दादा पुढे आले, टाचा उंचावल्या, परत मागे गेले. एका कोटवाल्या बाईच्या मागे चार पावलं गेले, ती दुसरीच निघाली. कावराबावरा झालेला चेहरा. जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा.

मी हाक मारायला तोंड उघडलं. वहिनींनी माझी बाही धरली.

"थांबा भाऊजी. बघू दे शोधून."

लोक पांगले आणि दादांना त्या दिसल्या. मी पड्याळदादांना एकोणीस वर्षं ओळखतो. तो चेहरा मी पाहिला नव्हता.

ते जवळ आले, धापा टाकत. बसले. मग म्हणाले, "वरती तोफा हायत. जिने पुष्कळ. मला वाटलं व्हतं त्यापेक्षा जास्त." मफलरने तोंड पुसलं. "एका कठड्यावरनं समुद्र दिसतो. आख्खं गाव आनि पलीकडं समुद्र. मी म्हटलं, गो हे बघ."

"कुणाला म्हटलंत?"

"तेच ना. तोंडातनं निघून गेलं. मोठ्यानं. बाजूला एक जपानी बाई व्हती. ती बघाया लागली."

"मग?"

"मग काय. सॉरी म्हटलं तिला." दादा किल्ल्याकडे बघत राहिले. "कोण नाय बाजूला तर बघवत नाय गो तिथं. तू कशी बघतेस एकटी?"

मफलरचं टोक दादांच्या खांद्यावरून सुटलं होतं, ते वहिनींनी आत खोचलं.

मेघना उठली आणि खिडकीशी गेली. मग अर्ध्या तासाने परत गेली. मग पुन्हा. चौथ्या खेपेला ती हातात दोन तिकिटं घेऊन आली, शेवटच्या वेळेची. कुणीतरी रद्द केली होती. दोनच होती, आणि ती कुणी वापरायची याची चर्चा आमच्यात झाली नाही. मला तर बोलायचा अधिकारच उरला नव्हता. दादा आणि वहिनी दाराकडे निघाले. दादा या खेपेला कुणाला वाट द्यायला बाजूला झाले नाहीत.

अशा रीतीने एडिंबऱ्याला जाऊन किल्ला न पाहिलेला माणूस मी आहे. त्या कठड्यावर तासभर बसून मी बाहेर येणाऱ्यांची तोंडं बघितली. आत काय असेल ते मला तरी कळलं नाही. लोक बाहेर येतात, फोन बघतात, आभाळ बघतात आणि छत्री उघडतात. दादांची विद्या एका तासात येण्यासारखी नव्हती.

ती दोघं जवळजवळ शेवटी बाहेर आली. कुणालाच शोधत नव्हती. जोरात भांडत होती.

"इकडं समुद्र बघ म्हणतोय मी, तर हिचं सगळं लक्ष कुत्र्यांकडं."

"समुद्र काय बहारीनला नाय? चारी बाजूंनी तोच हाय. शिपायांच्या कुत्र्यांची थडगी बघितलीत कुठं कधी? दगडावर नावं लिवून?"

"सहा तर व्हती."

"सहा? पंधरा तरी व्हती."

"मी मोजली."

"तुमी कुठं मोजली? तुमी तोफेची चाकं बघत व्हतात."

"चाकं नंतर. आधी कुत्री मोजली."

आमच्या अंगावरून गेली, आमच्याकडे लक्षही नाही. एकतीस वर्षांत त्यांची भांडणं झाली नसतील असं नाही, पण बाजू एकाचीच असायची. दुसरा त्या जागी कधी नव्हताच.

"हाक मार त्यांना," मेघना म्हणाली. "बस येईल."

मी मारली नाही. बस आली, दार उघडलं, मिटलं, गेली. उताराच्या वळणावर ती दोघं थांबली होती. वहिनींनी हातमोजा काढला होता आणि त्या दादांच्या तोंडासमोर एकेक बोट धरून थडगी मोजून दाखवत होत्या.